बुद्धीचे माप आणि व्यवहाराचे माप

(कडोली, तालुका व जिल्हा बेळगाव, येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कडोलीचा शेतकरी बटाटा बाजारात पाठविण्यापूर्वी त्याची निवड करतो. मोठा, मध्यम व बारीक असे ढीग लावतो आणि मगच वजनाला हात घालतो. वजनाचा काटा खोटा निघाला तर त्याचे एका हंगामाचे नुकसान होते. परंतु मुलाच्या बुद्धीला लावलेले माप खोटे निघाले तर नुकसान त्या मुलाच्या उभ्या जन्माचे होते, आणि ते कोणत्याही बाजारात भरून येत नाही. म्हणून हे माप कोणते, ते कोणी तयार केले, ते कसे लावावयाचे आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावयाचा, याची माहिती पालकांना, शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

गावोगावी असे घडते की एखादे मूल उशिरा बोलू लागते, शाळेत मागे पडते, खेळात भिडूंना नकोसे होते. आणि कोणतीही तपासणी न होता त्याच्या नावामागे "खुळा", "येडा" असे विशेषण कायमचे चिकटते. दुसरीकडे, ज्या मुलाला खरोखरच मदतीची गरज आहे, त्याला "मोठा झाला की येईल शहाणपण" असे म्हणून वर्षानुवर्षे घरात ठेवले जाते. या दोन्ही चुका मायेपोटी किंवा अज्ञानापोटी होतात. दोन्हींवर उपाय एकच आहे: योग्य वेळी, योग्य भाषेत आणि योग्य माणसाकडून केलेले मूल्यमापन.

मोजमापाचा उगम

बुद्धिमापनाची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. नेहमीच्या वर्गात ज्यांची प्रगती होत नाही अशी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत द्यावी, या हेतूने १९०४ साली तेथील शिक्षण खात्याने एक समिती नेमली. त्या कामातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची एक कसोटी तयार केली. प्रश्न सोपे होते व क्रमाने कठीण होत जात. कोणत्या वयाची बहुसंख्य मुले कोणता प्रश्न सोडवितात हे पाहून मुलाचे "मानसिक वय" ठरविण्याची रीत त्यातून पुढे आली. बुद्धी जन्मतः ठरते व ती वाढत नाही, हे मत खुद्द बिने यांना मान्य नव्हते. मापनानंतर शिक्षण आलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी या कसोटीची सुधारित आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक ही कल्पना रूढ केली. हिशेब साधा आहे. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणावयाचे. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा वर्षे भरले तर बुद्ध्यंक ७५ येतो. आठच भरले तर १०० येतो. आजच्या बहुतेक कसोट्यांत समवयस्क मुलांच्या सरासरीशी तुलना करून हा अंक काढतात. परंतु १०० म्हणजे त्या वयाची सरासरी, हा अर्थ कायम आहे.

कानडी आणि मराठी मुलांची कसोटी

या भागातील श्रोत्यांना विशेष वाटावे अशी गोष्ट पुढची आहे. बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते त्या काळी, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी टर्मन यांच्या कसोटीचे भारतीय मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचे हे काम १९३४ साली एका ब्रिटिश शिक्षणविषयक नियतकालिकातून व १९४० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ते केवळ एका भाषेपुरते नव्हते. कसोटी कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी सिद्ध केलेली होती. "बिने-कामत कसोटी" या नावाने ती आजही देशातील अनेक दवाखान्यांत व मार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते.

या कसोटीत तिसऱ्या वर्षापासून पुढे वयोमानाप्रमाणे प्रश्नांचे गट आहेत. मूल ज्या गटातील सर्व प्रश्न सोडविते तेथून आरंभ होतो, आणि ज्या गटातील एकही प्रश्न सुटत नाही तेथे तपासणी थांबते. मधल्या यशाचे महिने मोजून मानसिक वय काढले जाते. प्रश्नांत वस्तूंची ओळख, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, चित्रातील उणीव सांगणे, दोन गोष्टींतील साम्य व फरक सांगणे असे प्रकार येतात.

कामत यांच्या कामाचे महत्त्व केवळ भाषांतरात नाही. परदेशी मुलाला ओळखीची असलेली वस्तू येथील मुलाने पाहिलेलीच नसेल, तर उत्तर न येणे हा बुद्धीचा दोष नव्हे. म्हणून प्रश्न बदलावे लागतात, त्यांचा क्रम बदलावा लागतो आणि येथीलच मुलांवर ते पुन्हा पडताळून पाहावे लागतात. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. जो काटा या मातीत तपासला गेला नाही, त्याच्यावर या मातीतील मूल तोलू नये, हा या कामाचा सारांश होय.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचे काय, या प्रश्नाला सी. एम. भाटिया यांनी १९५५ साली उत्तर दिले. ठोकळे जुळविणे, नमुना पाहून आकृती काढणे, चित्राचे तुकडे जोडणे अशा पाच कृतींची त्यांची कसोटी साक्षर व निरक्षर अशा दोन्ही प्रकारच्या मुलांवर पडताळलेली होती. अगदी तान्ह्या बाळांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोदे येथे विकासमापनाची श्रेणी तयार केली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळाची हालचाल आणि समज ती मोजते.

दुसरे माप

बुद्ध्यंक हे मात्र अर्धेच माप आहे. नऊ वर्षांचा एक मुलगा कल्पावा. शाळेत त्याला वाचन जमत नाही. परंतु सकाळी तो म्हशी सोडतो, त्यांना पाणी दाखवितो, दुकानातून सामान आणून उरलेले पैसे बरोबर मोजून देतो, धाकट्या बहिणीला सांभाळतो आणि पाहुणे आले की पाटावर बसावयास सांगतो. दुसरा एक मुलगा आकडे घडाघडा म्हणतो, परंतु स्वतःच्या हाताने जेवत नाही आणि एकटा गल्लीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. यांतील कोणाला कोणत्या मदतीची गरज आहे, हे केवळ बुद्ध्यंकावरून सांगता येणार नाही. दैनंदिन जीवनात माणूस कितपत स्वावलंबी आहे आणि भोवतालच्या माणसांशी कितपत जुळवून घेतो, यालाच शास्त्रात अनुकूलन वर्तन म्हणतात.

हे माप एडगर डॉल यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, व्हाइनलँड येथील संस्थेत तयार करून १९३५ साली प्रसिद्ध केले. त्याचे भारतीय रूपांतर नागपूर येथे झाले. तेथील बालमार्गदर्शन केंद्राचे डॉ. ए. जे. मॅलिन यांनी हे काम केले. म्हणून त्यास "नागपूर रूपांतर" असेही म्हणतात. त्यात ८९ बाबी असून खाणे, कपडे घालणे, स्वतःची काळजी, स्वतःचा निर्णय, काम, संभाषण, हिंडणे-फिरणे आणि सामाजिक वागणूक अशी आठ अंगे तपासली जातात. मुलांच्या बुद्धिमापनाची एक कसोटीही मॅलिन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे म्हैसूर येथे जे. भरतराज यांनी व्हाइनलँड श्रेणीवर अधिक काम केले. अशा रीतीने या विषयातील महत्त्वाची कामे धारवाड, नागपूर, म्हैसूर आणि बडोदे अशा आसपासच्याच प्रदेशांत झालेली दिसतात.

या दुसऱ्या मापाची रीत वेगळी आहे. येथे मुलाला प्रश्न विचारत नाहीत. आई, आजी किंवा जो कोणी त्याला रोज पाहतो, त्याच्याशी बोलून माहिती घेतात. "करू शकेल" याला येथे गुण नाहीत. "नेहमी करतो" याला आहेत. एखाद्या आईने मायेने दहा वर्षांच्या मुलालाही घास भरविला, तर त्याला स्वतः जेवण्याची संधीच मिळालेली नसते. हे तपासणाऱ्याने ओळखावे लागते व संधीचा अभाव वेगळा नोंदवावा लागतो.

अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनेने १९५९ सालापासून बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत अनुकूलन वर्तनाचा समावेश केला. तेथेच १९६९ साली भरलेल्या एका परिषदेच्या अहवालाला "सहा तासांचे मतिमंद मूल" अशा अर्थाचे नाव दिले गेले. शाळेच्या सहा तासांत जे मूल मंद ठरते, ते उरलेल्या अठरा तासांत घरी व शेजारी चांगले निभावून नेते, असे त्यात दाखविले होते. आज बौद्धिक अक्षमता ठरविण्यासाठी तीन गोष्टी लागतात: बुद्ध्यंक सुमारे ७० किंवा त्याहून कमी असणे, दैनंदिन व्यवहारातही तशीच उणीव असणे, आणि ही स्थिती वाढीच्या वयात सुरू झालेली असणे. यांपैकी एकच गोष्ट असेल तर निदान पुरे होत नाही.

भाषेचा प्रश्न

सीमाभागात हा विषय अधिक नाजूक होतो. घरात मराठी, बाजारात मराठी व कानडी दोन्ही, कचेरीत कानडी आणि दवाखान्यात पुष्कळदा इंग्रजी, अशा वातावरणात येथील मूल वाढते. अशा मुलाला त्याच्या घरच्या भाषेत प्रश्न न विचारता दुसऱ्या भाषेत विचारला, तर उत्तर न येण्याचे कारण बुद्धी आहे की भाषा, हे कसे कळणार?

याचा धडा इतरत्र मिळालेला आहे. १९१३ च्या सुमारास अमेरिकेतील हेन्री गोडार्ड यांनी बोटीतून नुकत्याच उतरलेल्या परदेशी लोकांची दुभाष्यामार्फत बुद्धिचाचणी घेतली आणि त्यांच्यातील बहुसंख्यांना मंदबुद्धी ठरविले. पुढे गोडार्ड यांनी आपली अनेक मते स्वतःच मागे घेतली. परंतु ज्यांच्यावर शिक्का बसला होता त्यांचे नुकसान होऊन गेले होते. १९७० साली कॅलिफोर्निया राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली. ही मुले इंग्रजी कसोटीवरून मंदमतींच्या वर्गात टाकली गेली होती. त्यांचीच मातृभाषेत पुन्हा तपासणी झाली, तेव्हा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे १५ अंकांनी वाढला. त्यानंतर मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, असा दंडक तेथे घातला गेला.

दोन भाषा ही मात्र मुलावरची आपत्ती नव्हे. दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, असा समज पूर्वी विद्वानांतही होता. १९६२ साली कॅनडातील मॉंट्रिऑल येथे झालेल्या संशोधनाने तो खोडून काढला. हैदराबाद येथील ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे आढळले, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. तेव्हा दोन भाषा येणे हे या भागाचे धन आहे. तपासणाऱ्याने मुलाची घरची भाषा कोणती हे आधी विचारावे, एवढीच अपेक्षा आहे. मराठी व कानडी या दोन्ही भाषांच्या मुलांसाठी कसोटी १९३४ सालापासून उपलब्ध असताना, या भागातील मुलाला परक्या भाषेत मोजणे समर्थनीय ठरत नाही.

तपासणी कशी व्हावी

बुद्धिमापनापूर्वी मुलाचे कान, डोळे व प्रकृती तपासली गेली पाहिजे. ज्याला कमी ऐकू येते ते मूल आज्ञा पाळत नाही आणि बोलावयास उशीर लावते; लोक त्याला मंद समजतात. डोळ्यांना चष्मा हवा असेल तर फळ्यावरचे दिसत नाही. गलग्रंथीचा स्राव कमी असेल तर वाढ खुंटते. जन्मतःच हे ओळखून औषध दिले तर पुढची मोठी हानी टळते. काही मुलांची बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन तेवढे जमत नाही. तो वेगळा दोष आहे व त्याची तपासणीही वेगळी आहे.

तपासणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानेच करावी. मूल ताजेतवाने, पोट भरलेले व निर्भय असावे. पहाटेची एस.टी. पकडून, तास दोन तास रांगेत उभे राहून, रडवेल्या झालेल्या मुलाला लगेच प्रश्न विचारल्यास जो अंक येईल तो त्याच्या बुद्धीपेक्षा थकव्याचाच अधिक असेल. पालकांनी उत्तरे सुचवू नयेत, तसेच कसोटीतील प्रश्न आधी पाठ करून घेऊ नयेत. कोणताही अंक काही अंकांनी पुढे-मागे होऊ शकतो. म्हणून तो दगडावरची रेघ समजू नये. काही वर्षांनी तपासणी पुन्हा करावी. जुन्या कसोट्यांचे प्रमाणही काळाबरोबर शिळे होते, हे तज्ज्ञांनी ध्यानात ठेवावे.

तपासणीनंतर काय, हा खरा प्रश्न आहे. मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली "कामायनी" स्थापन केली. केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था १९८४ साली सिकंदराबाद येथे निघाली. या सर्वांचा अनुभव असा, की मूल्यमापनाच्या शेवटी केवळ अंक न लिहिता, मूल आज काय करू शकते आणि पुढची पायरी कोणती, हे लिहिले तरच त्याचा उपयोग होतो. मद्रास येथे तयार झालेल्या एका श्रेणीत अशा ३६० पायऱ्या १८ विभागांत मांडल्या आहेत. बटण लावता येत नाही, असे लिहून थांबावयाचे नाही. मोठे बटण, मग लहान बटण, मग स्वतःचा सदरा, असा शिकविण्याचा क्रम त्यातून निघतो.

प्रौढांचे मूल्यमापन

हा विषय मुलांपुरता नाही. खेड्यांत तीस-चाळीस वर्षांचे असे पुरुष व स्त्रिया आहेत, ज्यांची कधीही तपासणी झाली नाही. आई-वडील आहेत तोवर भाकरीची चिंता नसते. ते थकले की प्रश्न उभा राहतो. शेतजमिनीच्या कागदावर अंगठा कोणी घ्यावा, बँकेत खाते कोणी चालवावे, आणि त्यांच्या वाट्याचे कोणी बळकावू नये यासाठी काय करावे? १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा प्रौढ व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. जिल्हाधिकारी ज्या समितीवर असतात ती स्थानिक समिती हा निर्णय करते. त्यासाठी मूल्यमापन व प्रमाणपत्र हा पाया आहे.

२०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगतांची गणना आहे. बौद्धिक अक्षमता त्यांपैकी एक होय. किमान ४० टक्के दिव्यांगता प्रमाणित झाल्यावर कायद्यातील अनेक सवलती लागू होतात. ६ ते १८ वर्षे वयाच्या अशा मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. टक्केवारी हा सवलतीसाठीचा हिशेब आहे; ती माणसाच्या किमतीची पावती नव्हे, हे मात्र विसरता कामा नये.

वृद्धांच्या बाबतीतही मूल्यमापनाचे महत्त्व वाढत आहे. म्हातारपणी नावे आठवेनाशी होणे वेगळे आणि नेहमीच्या वाटेवर घर न सापडणे वेगळे. परदेशी चाचणीत वाक्य लिहा, तारीख सांगा, असे प्रश्न असत. हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांसाठी १९९५ च्या सुमारास हिंदीतील चाचणी तयार करताना असे प्रश्न ग्रामीण जीवनाला धरून बदलण्यात आले. कामत यांनी मुलांसाठी जे केले, तेच तत्त्व येथे वृद्धांसाठी वापरले गेले.

कोणी काय करावे

अंगणवाडी सेविकेने आणि मातांनी बाळाची मान धरणे, बसणे, चालणे व पहिला शब्द यांची नोंद ठेवावी. विलंब दिसल्यास वाट पाहू नये. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी अशा मुलाला घरी ठेवू नये. त्यालाच प्रथम पुढे आणावे.

शिक्षकांनी स्वतः निदान करू नये व वर्गात कोणतेही विशेषण वापरू नये. मूल काय करते, काय करीत नाही आणि केव्हापासून, हे वहीत तारखेसह लिहावे. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही वही कोणत्याही शिफारशीपेक्षा मोलाची असते.

कर्मचारी व अधिकारी यांनी दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबाला वारंवार हेलपाटे घालावयास लावू नयेत. एका फेऱ्याचा अर्थ मजुराच्या घरी एका दिवसाची बुडालेली मजुरी असा असतो. अर्जावर मुलाची घरची भाषा नोंदवावी आणि त्या भाषेत तपासणी होईल अशी व्यवस्था पाहावी.

ग्रामस्थांचे काम सर्वांत सोपे व सर्वांत कठीण आहे. त्यांनी हाक मारताना त्या मुलाचे नाव घ्यावे, विशेषण नव्हे.

दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरविणाऱ्या या गावाला शब्दांची किंमत सांगावयास नको. एका शब्दाने माणूस उभा राहतो आणि एका शब्दाने तो कायमचा खाली बसतो. बुद्धीचे आणि व्यवहाराचे माप नीट लावले, तर जे मूल आज कोपऱ्यात बसलेले आहे त्याला कोणती पायरी चढावयास शिकवावी हे कळेल. आणि जे मूल भाषेच्या किंवा कानाच्या दोषामुळे मागे राहिले, त्याच्या कपाळावरचा खोटा शिक्का पुसला जाईल. कडोलीच्या घराघरांतून अशी मुले व असे प्रौढ तपासणीसाठी पुढे यावेत आणि त्यांना पुढे आणण्यात कोणालाही संकोच वाटू नये, अशी अपेक्षा आहे.